वाचनालयाच्या दोन जुन्या मशीनवर कोणती लिनक्स टाकावी?

कोथरूडकर_वाचक
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या वाचनालयाला दोन जुनी मशीन मिळाली आहेत. एक नेटबुक : अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, एक्सपी. दुसरा डेस्कटॉप : कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. दोन्ही सुरू होतात, पण फोल्डर उघडेपर्यंत चहा होतो.

काम अगदी मोजकं आहे. पुस्तकांची यादी, देवघेवीच्या नोंदी आणि अधूनमधून एखादी मराठी सूचना छापणं. इंटरनेट फक्त ईमेलपुरतं. सगळं सांभाळणारे काका पंचाहत्तरीचे आहेत. यादी एक्सेलमध्ये आहे, पण श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या पद्धतीत टाइप केलेली. नवीन घ्यायला पैसे नाहीत आणि चालती मशीन भंगारात घालायला जीव होत नाही. विंडोजऐवजी मोफत मिळणारी लिनक्स टाकायची म्हणतोय, तिच्यातली कोणती टाकू?

पेठकर
दोन्ही मशीनना एकच औषध देऊ नका. एन२७० ही २००८ची चिप, निव्वळ ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीची. कोअर टू ड्युओ ६४ बिट, म्हणजे आजच्या पद्धतीची आहे. आज हा फरक फार मोठा झालाय, कारण ३२ बिटचा आधार एकेक जण काढून घेतोय. डेबियन ही लिनक्सची एक जात. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल (सिस्टिमचा गाभा). त्यामुळे नेटबुकवर डेबियन १२ किंवा त्यावरच बेतलेली अँटीएक्स २३, एवढाच विचार करा.

माझं मत अँटीएक्सला. सिस्टमडी (मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) नाही, पडद्यावरची जड मांडणी नाही, आइसडब्ल्यूएम या खिडक्या सांभाळणाऱ्या हलक्या प्रोग्रॅमवर चालते, आणि १ जीबीतली बरीचशी रॅम तुमच्या कामाला मोकळी राहते. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवा. वायफाय आणि प्रिंटर चालतोय हे डोळ्यांनी बघा, मगच इन्स्टॉल करा. नेटबुकवर ब्राउझरची अपेक्षा मात्र ठेवू नका. आजची वेबपानंच १ जीबीला झेपत नाहीत, त्यात लिनक्सचा दोष नाही. ईमेल डेस्कटॉपवर बघा.

डेस्कटॉपला लिनक्सच्याही आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. साधी साटा जोडणीची, सगळ्यात लहान मिळेल ती. फोल्डर उघडायला लागणारा वेळ बहुतेक त्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. मग डेबियन १३ आणि एक्सएफसीई ही पडद्यावरची हलकी मांडणी. झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) चालू केलंत की २ जीबीत निभावतं. रॅम वाढवायची तर दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेऊन तिथेच लावून बघा. जुन्या बाजारात डीडीआर२च्या पट्ट्या दिसतात, पण तिथे तपासणार कशा?

शाई_आणि_शेल
पेठकरांशी सहमत. मी मराठीच्या बाजूने सांगते, कारण काकांचं खरं अडणार आहे ते तिथे.

श्रीलिपीतली यादी लिनक्सवर उघडलीत की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. ती फाइल खराब झालेली नसते. त्या जुन्या पद्धतीत फॉन्ट बदलला की अक्षर बदलतं. म्हणून विंडोज पुसायच्या आधी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या आणि शंभरेक ओळी पुस्तकं समोर ठेवून ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. ‘कर्वे’ आणि ‘मर्ढेकर’ नीट आले का ते आधी शोधा.

नंतर लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट टाका. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक एक्स या लिनक्सचा पडदा सांभाळणाऱ्या भागातच असतो, त्यासाठी वेगळा इनपुट प्रोग्रॅम रॅममध्ये बसवावा लागत नाही. यादीला नेटबुकवर लिब्रेऑफिसपेक्षा ग्न्यूमेरिक हा एक्सेलसारखा हलका प्रोग्रॅम घ्या, पटकन उघडतं.

खडकीचा_बीएसडीवाला
नेटबीएसडी ही लिनक्सहून वेगळी मोफत सिस्टिम कुणीच सुचवली नाही म्हणून लिहितो. मार्च २०२४मध्ये आलेल्या १०व्या आवृत्तीतही ३२ बिट पीसी पूर्ण आधारासह आहे आणि एन२७०वर ती चालते. मूळ सिस्टिम लहान, मॅन पानं (सोबतची माहितीपत्रकं) वाचावीशी वाटतील इतकी नीट. पण पंचाहत्तरीच्या काकांसमोर ठेवायला मी अँटीएक्सच ठेवीन. नेटबीएसडी तुम्हाला स्वतःला शिकायची असेल तर जरूर टाका.

पेठकर
एक राहिलं. डेस्कटॉप बरेच दिवस बंद असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल गेला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो आणि अपडेटही अडतात. माणूस वायफायला दोष देत बसतो. सेल तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळेल. आणि देवघेवीच्या नोंदी असणार, तर यादीची प्रत रोज पेनड्राइव्हवर घ्यायची सवय काकांना लावा. आपल्याकडे गुरुवारी वीज जाते, डेस्कटॉपला बॅटरी नाही.

कोथरूडकर_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. डेस्कटॉपची तारीख आत्ताच पाहिली, २००९ दाखवतोय! ठरलं असं : रविवारी आधी यादी युनिकोडमध्ये, मग सेल आणि एसएसडी, आणि नेटबुकवर अँटीएक्स लाइव्ह. काकांना इन्स्क्रिप्ट येत नाही, ते टाइपरायटरवर शिकलेले. त्यांना जुनाच कळफलक देता येईल का?

शाई_आणि_शेल
येईल. आयबस हा इनपुट प्रोग्रॅम आणि एम१७एन हा त्याचा कळफलकांचा संच टाका, त्यात रेमिंग्टन टाइपरायटरच्या पद्धतीचा हिंदी कळफलक आहे. मराठी टाइपरायटरपेक्षा काही कळा वेगळ्या पडतील, विशेषतः ‘ळ’ कुठे आहे ते त्यांना आधी दाखवून ठेवा. नेटबुकवर थोडी रॅम जाईल, पण काकांचा हात बसलेला आहे, तो मोडू नका.