फँटसी फुटबॉल: दोन साडूंमधला मॅकॅफ्रीचा ट्रेड, व्हीटो करायचा का?

एडिसनचा_कमिशनर · ९ ऑक्टोबर २०२४

मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. आमची बारा जणांची फँटसी लीग आहे (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंची आपापली टीम बनवायची, ते खऱ्या मॅचमध्ये खेळतील तसे आपल्याला पॉइंट), सगळे एडिसन आणि आजूबाजूचे मराठी मित्र, हाफ पीपीआर म्हणजे प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट, कमिशनर मी. पाच आठवडे झालेत. काल रात्री एक ट्रेड आला आणि तेव्हापासून व्हॉट्सॅप ग्रुपवर भांडण जुंपलंय.

ट्रेड असा आहे: १-४ वर (एक जिंकली, चार हरल्या) असलेल्याने ख्रिश्चन मॅकॅफ्री दिला आणि ५-० वाल्याकडून ख्रिस गॉडविन आणि चुबा हबर्ड घेतले. मॅकॅफ्री आमच्या ड्राफ्टमधला पहिला पिक होता पण दोन्ही पायांच्या अकिलीसच्या दुखण्यामुळे अजून एकही मॅच खेळलेला नाही, आयआरवर म्हणजे जखमींच्या यादीत आहे, मध्ये जर्मनीला जाऊन डॉक्टरांना दाखवून आला. परत कधी येणार ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता खरी अडचण अशी की हे दोघं सख्खे साडू आहेत आणि मॅकॅफ्री देणारा यंदा पहिल्यांदाच खेळतोय. ग्रुपवर सरळ लिहिलं गेलंय की पहिल्या नंबरच्या टीमला साडूने मॅकॅफ्री आंदण दिला. आमच्या नियमात चार जणांनी विरोध केला की ट्रेड रद्द, तीन मतं पडली आहेत आणि उद्या रात्री मुदत संपते. एकाने ट्रेड कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट टाकला त्यात मॅकॅफ्रीची बाजू जड, दुसऱ्याने दुसऱ्या साइटचा टाकला त्यात गॉडविन-हबर्डची जड. मग फेअर आहे की नाही हे ठरवायचं तरी कशावरून?

---

हडसनकाठ · ९ ऑक्टोबर

मी असतो तर चौथं मत दिलं असतं. गेल्या वर्षी मॅकॅफ्रीने १४५९ रशिंग यार्ड आणि २१ टचडाउन केलेत, तो ५-० वाल्या टीममध्ये गेला की लीग डिसेंबरच्या आधीच संपली समजा. सगळ्यांनी एंट्रीचे पैसे भरलेत, बाकीच्या दहा जणांचा विचार कोणी करायचा? आणि नवीन माणसाला घरातलाच कोणी गोड बोलून पटवत असेल तर कमिशनरने मध्ये पडलंच पाहिजे.

---

फोर्टीनायनर_नाना · ९ ऑक्टोबर

कमिशनरसाहेब, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. ती मंडळी प्रत्येक खेळाडूला एक आकडा देतात आणि बेरीज करतात, पण आपली टीम बेरजेवर खेळत नाही, आठवड्याला नऊ जण उतरतात तेवढ्यांचेच पॉइंट मिळतात. बेंचवर बसलेल्या गॉडविनचा उपयोग शून्य आणि आयआरवरच्या मॅकॅफ्रीचाही शून्य. म्हणून पहिला प्रश्न हा की ट्रेडनंतर प्रत्येकाच्या त्या नऊ जणांत काय बदललं, ज्याच्या जागी नवीन खेळाडू आला तो आधी किती पॉइंट देत होता.

दोघांची लाइनअप टाका, मग बोलतो. विशेषतः १-४ वाल्याचा दुसरा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा, मॅकॅफ्रीसारखा) आणि फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर वगैरे कोणीही चालतो ती जागा) कोण आहे ते.

---

एडिसनचा_कमिशनर · ९ ऑक्टोबर

१-४ वाल्याचे ते दोन्ही स्पॉट वेव्हरवरून (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्यांतून) उचललेल्या खेळाडूंवर चाललेत, सहा-सात पॉइंटच्या वर जात नाहीत. बाकी टीम ठीक आहे. ५-० वाल्याकडे मात्र बेंचवर दोन जण असे आहेत की आमच्या लीगमध्ये कोणीही त्यांना स्टार्ट करेल, दहा-अकरा पॉइंट सहज देतात. रेग्युलर सीझन १४ आठवडे, सहा टीम प्लेऑफला, प्लेऑफ १५ ते १७.

---

पुणेरी_ड्रीमर · ९ ऑक्टोबर

पुण्याहून वाचतोय, एक भाबडा प्रश्न. मी क्रिकेटचं ड्रीम इलेव्हन खेळतो, त्यात एकच खेळाडू लाखो लोकांच्या टीममध्ये असतो, मग इथे ट्रेड हा प्रकार कसा काय?

---

फोर्टीनायनर_नाना · ९ ऑक्टोबर

@पुणेरी_ड्रीमर इथे सीझनच्या आधी ड्राफ्ट होतो आणि एक खेळाडू एकाच्याच टीममध्ये जातो. मॅकॅफ्री एकाकडे असला की बाकी अकरा जणांना तो नाही. त्यामुळे दुसऱ्याकडचा हवा असेल तर अदलाबदल, नाहीतर जे कोणाकडेच नाहीत ते वेव्हरवरून.

आता कमिशनरच्या आकड्यांवर येतो. गॉडविन यंदा १४-१५ च्या सरासरीने चाललाय, हबर्ड जरा कमी धरा. १-४ वाल्याला दोन जागी मिळून आठवड्याला १४-१५ पॉइंट जास्त मिळणार आणि तेही या रविवारपासून. त्याच्या नऊ मॅच राहिल्यात आणि प्लेऑफला निदान ७-७ तरी लागेल, म्हणजे नवातल्या सहा जिंकायच्या. मी मॅकॅफ्रीची टीम नायनर्स दर आठवड्याला बघतो, नवव्या आठवड्यात त्यांचा बाय आहे म्हणजे मॅच नाही, त्याच्या आधी मॅकॅफ्रीला उतरवतील असं मला अजिबात वाटत नाही. तोपर्यंत चार मॅच. त्यातल्या दोन-तीन जरी हा हरला तरी मॅकॅफ्री परत येईल तेव्हा याचा सीझन संपलेला असेल, मग जगातला सर्वोत्तम रनिंग बॅक टीममध्ये असून काय करणार?

उलट ५-० वाल्याला थांबणं परवडतं. बेंचवरचे दोघं वर आणून त्याचं आठवड्याला सात-आठ पॉइंटचं नुकसान होईल, ते तो सोसू शकतो. त्याची नजर १५ ते १७ वर आहे, तेव्हा नायनर्ससमोर रॅम्स, डॉल्फिन्स, लायन्स. त्यात मॅकॅफ्री धड असेल तर तो फायनलला जाईल, नसेल तर दोन चांगले खेळाडू घालवून बसेल. जोखीम पूर्ण त्याने घेतलीये. एकाला आज पॉइंट हवेत आणि दुसऱ्याला डिसेंबरात, दोघांचीही गरज भागते, यालाच तर ट्रेड म्हणतात.

एक बारीक गोष्ट कोणी बघत नाही. मॅकॅफ्री आयआर स्लॉटमध्ये होता. म्हणजे १-४ वाल्याकडे दोन खेळाडू येताना बेंचवरचे दोन सोडावे लागणार, आणि ५-० वाल्याला बेंचवर दोन जागा मोकळ्या मिळणार. तो सोडणारे दोघं कोण ते बघा. फालतू असतील तर काही नाही, पण त्यात चांगला कोणी असेल आणि तो साडूने लगेच उचलला तर मात्र मलाही संशय येईल.

---

रश्मी_शार्लट · ९ ऑक्टोबर

नानांचं गणित पटलं, फक्त हबर्डबद्दल इथून सांगते कारण मी त्याच्या टीमच्या, पँथर्सच्या घरच्या मॅचेस स्टेडियममध्ये जाऊन बघते. तिसऱ्या आठवड्यापासून ब्राइस यंगला बसवून अँडी डाल्टनला आणलं आणि हबर्डचं नशीबच पालटलं, लागोपाठ दोन मॅचमध्ये शंभरी. पण जोनाथन ब्रूक्स अजून यायचाय, एनएफएल ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडमध्ये घेतलेला रूकी म्हणजे पहिल्याच वर्षाचा रनिंग बॅक, गुडघ्याच्या ऑपरेशनमधून सावरतोय. तो आला की काम वाटलं जाऊ शकतं. शिवाय पँथर्स आणि गॉडविनची टीम बकेनियर्स दोघांचाही बाय अकराव्या आठवड्यात आहे, म्हणजे ऐन कटोकटीच्या वेळी एका रविवारी याचे दोन्ही नवीन खेळाडू घरी. नवीन माणसाला हे कोणी सांगितलं होतं का? ट्रेड वाईट होत नाही त्याने, पण त्याला माहिती असायला हवं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ट्रेडचे आकडे नीट दिसले म्हणून साडूंचा प्रश्न मिटत नाही. मॅकॅफ्री उपलब्ध आहे हे बाकी दहा जणांना माहिती होतं का? मी जर त्या लीगमध्ये असते आणि मला कळलं असतं की तो विकायला काढलाय तर मी पण ऑफर दिली असती. घरच्या घरी रविवारी जेवताना ठरलं आणि बाकीच्यांना थेट नोटिफिकेशन, याचा लोकांना राग येतो आणि तो रास्त आहे. आमच्या लीगमध्ये नियम आहे की नातेवाइकांत किंवा एका घरात ट्रेड करायचा असेल तर आधी चोवीस तास खेळाडू ट्रेड ब्लॉकवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या 'द्यायचाय' यादीत टाकायचा. त्यानंतर कोणालाही दे.

---

फोर्टीनायनर_नाना · १० ऑक्टोबर

रश्मीताई, नियम चांगला आहे पण तो यांच्याकडे नाही आणि सीझनच्या मध्ये लागू करता येणार नाही. जो नियम ड्राफ्टच्या दिवशी नव्हता तो कोणाला लावणं हाच अन्याय. आणि बाकीच्या वेळी मी कोणाला विचारावं आणि कोणाला नाही हा माझा प्रश्न. दहा जणांनी पाच आठवड्यांत स्वतःहून मॅकॅफ्रीसाठी विचारलं नाही ही त्यांची सुस्ती झाली.

@हडसनकाठ तुमच्या मुद्द्याबद्दल. "तो आधीच पहिला आहे, आणखी बळकट होईल" हे व्हीटोचं कारण होऊच शकत नाही. मत देणारे सगळे त्याचे प्रतिस्पर्धी आहेत, प्रत्येकाला त्याने हरावं असंच वाटणार. असं मत चालू दिलं तर वरच्या तीन टीमना कधीच ट्रेड करता येणार नाही. व्हीटो एकाच गोष्टीसाठी: दोघांनी मिळून एकाच टीमला जिंकवायचं ठरवलं असेल, बक्षीस वाटून घ्यायचं ठरलं असेल, किंवा देणारा हरला म्हणून सगळं उधळून चाललाय. बाकी माणसाला चुकीचा ट्रेड करण्याचाही हक्क आहे.

---

हडसनकाठ · १० ऑक्टोबर

नाना, पैशाच्या लीगमध्ये एवढं मोकळं सोडणं मला पटत नाही. पण प्रतिस्पर्धीच मत देतात हा मुद्दा मान्य, खरंतर मतदानच बंद करून ज्यांचा संबंध नाही अशा दोन-तीन जणांनी ठरवावं.

---

डॅलसचा_सदाभाऊ · १० ऑक्टोबर

"स्टार ज्याच्याकडे गेला तो जिंकला" म्हणणाऱ्यांनी १९८९ चा हर्शेल वॉकर आठवावा. काउबॉइज ०-५ वर होते, ऑक्टोबर महिना, आणि टीममधला एकमेव मोठा खेळाडू त्यांनी व्हायकिंग्सला दिला, बदल्यात पाच खेळाडू आणि ड्राफ्ट पिक्सचा ढीग. त्या सीझनला १-१५ वर संपले. पण त्याच पिक्सच्या जोरावर १९९० मध्ये एमिट स्मिथ आणला आणि पुढे १९९२, १९९३ आणि १९९५ च्या सीझनचे सुपर बोल जिंकले. तुमची लीग एका वर्षाची आहे, पुढचे पिक नाहीत, तिथे दोनास एक हे गणित वेगळं चालतं हे मान्य, चांगल्या भरलेल्या टीमला दोन मध्यम खेळाडू देऊन एक मोठा घेणं सहसा फायद्याचंच असतं. पण इथे घेणारा भरलेला आहे आणि देणारा रिकामा, म्हणून दोघांचंही जमतंय.

---

एडिसनचा_कमिशनर · १० ऑक्टोबर, रात्री

सगळ्यांचे आभार. मी दोघांना वेगवेगळा फोन केला. नवीन मेंबरला फक्त "का केलास" एवढंच विचारलं, तर त्याने नानांनी लिहिलंय जवळजवळ तेच सांगितलं, की मला थांबायला वेळ नाही. अकराव्या आठवड्याचा बाय त्याच्या लक्षात आला नव्हता, सांगितल्यावर म्हणाला तरी चालेल. आणि त्याने आधी आणखी दोघांना विचारलं होतं, मेसेज दाखवले. त्यातल्या एकाने मॅकॅफ्रीच्या बदल्यात फक्त जॉर्डन मेसन (नायनर्समध्ये सध्या मॅकॅफ्रीच्या जागी खेळणारा) देऊ केला होता. मेसनने पहिल्याच मॅचला १४७ यार्ड मारले हे खरं पण मॅकॅफ्री परत आला की तो बेंचवर, मग तो ट्रेड कोण घेणार? विशेष म्हणजे ती ऑफर देणारा आता व्हीटोच्या तिघांत आहे.

सोडलेले दोघं पण बघितले, एक जास्तीचा किकर आणि एक रिसीव्हर ज्याला पाच आठवड्यांत कोणी हात लावला नव्हता. हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चौथं मत पडलं नाही, ट्रेड पास झाला.

---

रश्मी_शार्लट · १० ऑक्टोबर

वेगवेगळा फोन केलात हे फार चांगलं केलंत. समोरासमोर विचारलं असतं तर नवीन माणूस साडूच्या तोंडाकडे बघत बसला असता.

---

डॅलसचा_सदाभाऊ · २ डिसेंबर २०२४

काल बफेलोच्या बर्फात मॅकॅफ्रीच्या गुडघ्याला लागलं आणि सीझन संपला, चार मॅच खेळला आणि एकही टचडाउन नाही. तिकडे गॉडविनचा घोटा सातव्या आठवड्यातच निखळला होता. कमिशनर, तुमच्या ग्रुपवर आता काय चाललंय?

---

एडिसनचा_कमिशनर · ३ डिसेंबर

जे तेव्हा आंदण म्हणत होते तेच आता म्हणतात की नवख्याने ५-० वाल्याला फसवलं. दोन्ही वेळा मी एकच सांगितलं, ऑक्टोबरच्या त्या रात्री जेवढं माहिती होतं तेवढ्यावरच बघायचं, त्यानंतर कोणाचा पाय मोडला त्यावरून नाही. नवीन मेंबर गॉडविन गेल्यावर हबर्डच्या जोरावर तगून आहे, ६-७, शेवटचा आठवडा जिंकला तर प्लेऑफची आशा आहे. साडू १०-३.

पुढच्या वर्षीसाठी दोन नियम मतदानाला टाकलेत. नात्यातल्या ट्रेडला रश्मीताईंचे चोवीस तास, आणि सर्वांच्या मतदानाऐवजी ट्रेडशी संबंध नसलेले तीन जण, त्यांनी कारण लेखी द्यायचं. त्या तिघांपैकीच कोणाचा ट्रेड असला तर बदली कोण हे अजून ठरत नाहीये, तुमच्याकडे काय करता?

---

रश्मी_शार्लट · ३ डिसेंबर

आम्ही ड्राफ्टच्या दिवशीच पाच नावं क्रमाने लिहून ठेवतो. ज्याचा संबंध असेल तो गळतो आणि यादीतला पुढचा येतो.