लाईट विंडोजमधून स्पूलर, मराठी कीबोर्ड, डिफेंडर गायब – परत कसं आणायचं?

अकलूज_टायपिंग:
नमस्कार मंडळी. माझं टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं सेंटर आहे. लॅपटॉप फार स्लो झाला म्हणून दुकानात दिला, त्यांनी विंडोज १० ची कुठलीशी 'लाईट' (काही भाग छाटून हलकी केलेली) आवृत्ती टाकून दिली. ४ जीबी रॅमवर पळतंय छान, पण एकेक गोष्ट सापडेना. प्रिंटर जोडायला गेलं की लोकल प्रिंट स्पूलर सर्व्हिस (प्रिंटची कामं रांगेत लावणारी) चालू नाही म्हणतं. ग्राहकाचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) लावलं तर त्याचा लाईट लागतो, पण सॉफ्टवेअरला टोकन दिसत नाही. मराठी भाषा ॲड करताना डाउनलोड शून्यावर अडकतं. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तर कुठंच नाही. अकरावी प्रवेशाची गर्दी आहे, आत्ता फॉरमॅट मारणं जमणार नाही. गेलंय तेवढंच परत टाकता येतं का?

पीसी_मिस्त्री:
कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ चालवा. खराब फाईली बदलून देतं.

अकलूज_टायपिंग:
चालवलं. काहीच गडबड नाही म्हणतंय!

सातारा_हार्डवेअर:
ताई, यात नवल नाही. एसएफसी विंडोजच्या स्वतःच्या यादीशी फाईली ताडून बघतं. लाईट बनवणारा फाईल काढतो तशी यादीतली नोंदही काढतो. हजेरीपटावरून नावच कमी केलं तर पोरगा गैरहजर कसा लागेल?

आधी बंद केलेलं काय आणि काढून टाकलेलं काय, ते वेगळं करा. विंडोज की आणि आर दाबून रन उघडा, त्यात सर्व्हिसेस डॉट एमएससी टाईप करून एंटर मारा. यादीत 'प्रिंट स्पूलर' आहे आणि पुढे 'डिसेबल्ड' लिहिलंय, तर डबल क्लिक करून स्टार्टअप टाईप 'ऑटोमॅटिक' करा, अप्लाय दाबा, मग स्टार्ट. अप्लाय केल्याशिवाय स्टार्टचं बटण उमटत नाही, बरेच जण तिथंच थांबतात. त्याच यादीत 'स्मार्ट कार्ड' बघा. विंडोजच्या लेखी डीएससी टोकन म्हणजे स्मार्ट कार्डच, ही सर्व्हिस नसेल तर नुसता लाईट लागून उपयोग नाही. 'विंडोज अपडेट'ही बघा, भाषा त्याच वाटेनं उतरते.

नावच नसेल तर ती गोष्ट काढलेली आहे, तिच्या मागे लागू नका. दुसऱ्या मशीनवरून स्पूलरची एक्सई (प्रोग्रामची फाईल) कॉपी करा असं सांगणारे भेटतील. पण तिच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि सोबतच्या डीएलएल कुठून आणणार?

मराठीसाठी सिस्टम३२ फोल्डरमध्ये केबीडीआयएनएमएआर नावाची डीएलएल शोधा. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्डची फाईल तीच. असेल तर फक्त अपडेट अडवतंय. नसेल तर कीबोर्डही छाटलाय.

डिफेंडर नाही याची मला जास्त काळजी वाटते. लोक तुमच्याकडे आधार, पासबुक, पोरांच्या मार्कशीट विश्वासानं देतात. अँटिव्हायरस काढलेली, अपडेट बंद केलेली आणि कोणी बनवली ते ठाऊक नसलेली विंडोज आहे ही. टोकन दिसायला लागलं तरी दुसऱ्याची डिजिटल सही हिच्यावर चालवू नका, कृपा करून.

वाई_नेटवर्किंग:
वरचं बरोबर. एक मधला मार्ग सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मूळ आयएसओ (विंडोज टाकायची पूर्ण फाईल) उतरवा आणि चालू विंडोजमध्येच त्यातला सेटअप चालवा. फाईली आणि ॲप ठेवण्याचा पर्याय मिळाला तर काढलेलं बरंचसं परत येतं. तो पर्याय पुसट दिसला तर एडिशन किंवा भाषा जुळत नाही. रनमध्ये विनव्हर टाईप करून एडिशन बघा, लाईटवाले बऱ्याचदा एलटीएससीवर (कंपन्यांसाठीच्या खास एडिशनवर) काम करतात. मग बॅकअप घेऊन कोरी विंडोजच. ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल आणि विंडोज ८ नंतरचा असेल, तर विंडोजची लायसन्स की बहुधा लॅपटॉपच्या बायोसमध्येच आहे, विकत घेण्याआधी ती चालते का बघा. नंतर जुनी पत्रं वेगळ्या फॉन्टमध्ये उघडली तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका, मंगल त्यात आहे.

अकलूज_टायपिंग:
स्पूलर डिसेबल्ड होता, चालू केला, प्रिंट निघाली! स्मार्ट कार्डचं नावच नाही यादीत. कीबोर्डची डीएलएल आहे. विनव्हर एलटीएससी दाखवतंय. सहीची कामं आजपासून भावाच्या मशीनवर नेली. रविवारी कोरी विंडोज टाकते, पण परत तसंच स्लो झालं तर?

सातारा_हार्डवेअर:
टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅब उघडा, डिस्कखाली एचडीडी (जुनी फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (वेगवान चिपवाली) ते बघा. एचडीडी असेल आणि डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर असेल तर दुखणं तिथंच आहे. रविवारच्या आत २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या आणि मूळ विंडोज तिच्यावरच टाका. जुनी डिस्क पुसू नका, डेटा नीट आला याची खात्री होईपर्यंत बाजूला ठेवा. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत. लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (सिक्युरिटी चिप) नसेल आणि ११ चालत नसेल तर १० टाकल्यावर लगेच ईएसयूला (मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अपडेट योजनेला) नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. लॅपटॉपचं मॉडेल इथं टाका, कुठली एसएसडी बसेल ते सांगतो.