भाडेवाढ महिनाअखेरच्या मेसेजवर सांगायची का?

गोदाकाठचा
माझा मामेभाऊ नाशिकला इंदिरानगरात टू बीएचके मध्ये राहतो, भाडं १४,०००. ॲग्रीमेंट १० तारखेला संपतंय आणि मालकांचा मेसेज आला २८ ला, रात्री साडेदहाला: "नवीन ॲग्रीमेंट १७,५०० नी होईल. जमत नसेल तर तसं कळवणे." बस्स. ना फोन, ना बोलणं. सरळ पंचवीस टक्के वाढ, आणि विचार करायला दोन आठवडे पण नाहीत.
माझं म्हणणं एवढंच की भाडं वाढवा, घर तुमचंय, पण निदान दोन महिने आधी लेखी सांगा. जुनं भाडं किती, नवीन किती, कधीपासून, डिपॉझिट पण वाढणार का, आणि नवीन ॲग्रीमेंटचा खर्च कोणाचा. यातलं एक जरी मोघम ठेवलं की पुढे वाद ठरलेलाच.

फाट्यावरचा मालक
मी पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट भाड्याने दिलेत म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, त्यावर शेवटची तारीख छापलेली, खाली सही भावाची, मग वेगळी नोटीस कशाची हवी? मुदत संपली की करार संपला, पुढचा करार नवीन, भाडं नवीन. तारीख त्याला पण माहीत होती ना, महिनाभर आधी त्याने का नाही विचारलं "काका पुढचं काय"? आणि भाडेकरू काय करतात ते पण सांगा की. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) संपलं की आठ दिवसात सामान टेम्पोत, आणि "डिपॉझिटमधून कापून घ्या". फ्लॅट रिकामा पडला तर हप्ता आणि मेंटेनन्स बँक आणि सोसायटी मला माफ करत नाही.

सातपूर शिफ्टवाला
काय भाऊ, "त्याने का नाही विचारलं" म्हणजे कमालच आहे. भाडेकरूने स्वतःहून विषय काढला की मालकाला आठवतं भाडं वाढवायचंय 😀 म्हणून कोणीच काढत नाही.
सिरीयसली सांगतो, घर बदलणं म्हणजे नुसता टेम्पो नाही. माझी कंपनी सातपूरला, बायको नाशिकरोडला कामाला, मुलीची शाळेची व्हॅन ठरलेली, तिचा रूट इंदिरानगरच्या बाहेर जात नाही. नवीन घराला ब्रोकर एक महिन्याचं भाडं मागतो, नवीन डिपॉझिट आधी भरायचं आणि जुनं मिळणार चावी दिल्यावर, भिंतीवरचे खिळे मोजून. दोन आठवड्यात हे जमत नाही हे मालकाला माहीत असतं म्हणूनच मेसेज २८ ला येतो. याला कळवणं म्हणत नाहीत, कोंडीत पकडणं म्हणतात.

मुदतीत बोला
दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण कायदा बघू. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सला (म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार, आपलं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट) वाढीची सरकारी मर्यादा नाही, जे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं ते. म्हणजे मुदत चालू असताना मालकाला मनाने वाढवता येत नाही, आणि मुदत संपल्यावर भाडेकरूला जुन्या दरावर हक्क सांगता येत नाही. उलट मुदतीनंतर घर अडवून बसलात तर कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते, हे भावाला आधी सांगा.
मालकांसाठी: करार लेखी आणि रजिस्टर करणं ही कलम ५५ नुसार तुमची जबाबदारी, अकरा महिन्यांचा असला तरी. नसेल केलेला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत.

गोदाकाठचा
पण तीन महिने आधी नोटीस असं कुठेतरी वाचलं होतं?

मुदतीत बोला
ते केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. त्याच्या जोरावर मालकाशी भांडायला जाऊ नका.

वाड्यातली
तुम्ही साडेतीन हजाराच्या वाढीवर भांडताय, आमचा पंचवटीत जुना वाडा आहे, तिथे भाडेकरू आजोबांच्या काळापासून. भाडं १८० रुपये. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवता येतं, म्हणजे ७ रुपये २० पैसे! त्याची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवायची तर पोस्टाचाच खर्च वाढीपेक्षा जास्त. कौलं गळतात ती आम्हीच शाकारायची. त्यामुळे सगळे मालक लुटारू हे ऐकलं की डोकं फिरतं.

सातपूर शिफ्टवाला
ताई तुमचं दुखणं खरंय पण वेगळंय. ती चार टक्क्याची गोष्ट जुन्या भाडेकरूंची, इथे फ्लॅटचं चाललंय.

फाट्यावरचा मालक
आणि पुढे २०२७ चा सिंहस्थ आहे, नाशिकमध्ये भाडी वाढणारच, कोणी थांबवू शकत नाही. आमच्या शेजारचे तर फ्लॅट रिकामा ठेवायचं म्हणतायत, पर्वणीला दिवसावर देणार.

वाड्यातली
पाथर्डी फाट्याला?? पर्वणीला रस्ते बंद असतात, रामकुंडावर यायला माणूस किती पायपीट करणार. आम्ही २०१५ ला रामकुंडाच्या जवळ असून पाहुण्यांशिवाय कोणी आलं नाही, आणि पाहुणे भाडं देत नाहीत. चार दिवसांच्या आशेवर वर्षभराचा चांगला भाडेकरू घालवू नका.

मुदतीत बोला
विषयावर येऊ. सोपा उपाय म्हणजे वाढ करारातच लिहा. तीन वर्षांचा करार करा, दरवर्षी किती टक्के ते आकड्यात. १४,००० वर दहा टक्के म्हणजे दुसऱ्या वर्षी १५,४००, दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत. स्टॅम्प ड्युटी साधारण एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे, शहरात रजिस्ट्रेशनचे १,०००, ते तीन वर्षातून एकदाच. आणि अकरा महिन्यांचाच हवा असेल तर असा मेसेज टाका:
"नमस्कार. आपला करार अमुक तारखेला संपतो. पुढील अकरा महिन्यांसाठी भाडे १५,४०० (सध्या १४,०००), डिपॉझिट तेच राहील, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. राहणार की नाही ते अमुक तारखेपर्यंत कळवावे, म्हणजे दोघांनाही सोय बघता येईल."
मेसेज आणि ईमेल दोन्हीवर, आणि आधी एक फोन. रात्री साडेदहाला नाही.

गोदाकाठचा
हेच तर म्हणतोय पहिल्यापासून. भावाला सांगितलंय १५,५०० वर बोलून बघ, तीन वर्षांचा करार माग, आणि नाहीच जमलं तर एक महिन्याची मुदतवाढ लेखी घे, तोंडी नको.

फाट्यावरचा मालक
मसुदा चांगलाय, सेव्ह केला. पण दोन महिने जास्त होतात, मी एकच महिना आधी देणार.

सातपूर शिफ्टवाला
चालेल. मग सोडताना आमच्याकडून पण एकच महिना, आणि डिपॉझिट चावीच्या हातोहात.

फाट्यावरचा मालक
डिपॉझिट घर बघून. खिळे मोजणारच 😀