‘झपाटलेला तुरुंग’ म्हणावं का?

गिरणाकाठ, जळगाव

आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट बघतो आणि नंतर त्यावर मराठीत टिपण काढतो. या खेपेचा विषय आहे तुरुंगात घडणारे भुताखेतांचे चित्रपट. टिपणाचं शीर्षक कुणीतरी ‘झपाटलेले तुरुंग’ असं सुचवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला मात्र ते तेव्हापासून खटकतंय.

माझ्या कानाला झपाटणं हे माणसाचं होतं. पोर काल बरं होतं, आज डोळे फिरवतंय, तर ते झपाटलं. कामानं झपाटलेला, नाटकानं झपाटलेला असंही आपण म्हणतो, पण तोही माणूसच. झपाटणारा बाहेरून येतो आणि झपाटलेला आपल्या ताब्यात राहत नाही. भिंतीचं असं काय होतं?

दोन चित्रपट शेजारी ठेवून बघा. ‘गॉथिका’ (2003) मध्ये हॅले बेरी ही स्त्री-कैद्यांच्या मनोरुग्णालयातली डॉक्टर. रात्री रस्त्यात तिला एक मुलगी दिसते आणि शुद्धीवर येते तेव्हा ती स्वतःच त्या जागी कैदी असते, नवऱ्याच्या खुनाचा आरोप डोक्यावर घेऊन. तिच्या हातून जे घडलं ते त्या मेलेल्या मुलीनं तिच्या अंगात शिरून घडवलं. इथे ‘झपाटलेली’ हा शब्द नेमका बसतो.

आता रेनी हार्लिनचा ‘प्रिझन’ (1987). वायोमिंगमधल्या रॉलिन्स गावी जुना सरकारी तुरुंग आहे. तो 1981 मध्ये बंद झाला आणि त्याच रिकाम्या इमारतीत हा चित्रपट घेतला. चित्रपटात 1964 साली एका निरपराध माणसाला विजेच्या खुर्चीत बसवून मारलेलं असतं. तेव्हा तिथे पहारेकरी असलेला माणूस पुढे त्याच तुरुंगाचा प्रमुख म्हणून येतो. देहदंडाच्या खोलीची भिंत कैद्यांकडून फोडून घेतली जाते, आतून निळा उजेड फुटतो, आणि मग तुरुंगच माणसं मारायला लागतो. एक कैदी एकट्याच्या कोठडीत असतो. कोठडी तापत जाते आणि तो आतल्या आत भाजून मरतो. त्याच्या अंगात कुणी आलेलं नाही. जे काही आहे ते लोखंडात आहे, तारांत आहे. या तुरुंगाला झपाटलेला म्हटलं तर चित्रपटाचं मर्मच हातातून सुटतं. तुम्ही काय म्हणाल?

पांझरा, धुळे

एवढं कडक कशाला राहायचं? 1993 च्या ‘झपाटलेला’ चित्रपटात बाहुल्यात गुंडाचा जीव शिरतो. बाहुला म्हणजे लाकूड आणि कापड. तेव्हापासून शब्दाचं अंगण रुंदावलंय. आमच्याकडची शाळकरी मुलंही ‘झपाटलेली शाळा’ म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

बाहुल्याला तोंड आहे, हातपाय आहेत, तो चालतो आणि बोलतो. म्हणूनच तिथे शब्द चालून गेला. भिंतीचं तसं नाही, गिरणाकाठ यांचा मुद्दा मला पटतो.

जागेसाठी जुन्या बोलण्यात ‘बाधिक’ हा शब्द होता. बाधिक विहीर, बाधिक वाडा. ‘भुताटकीचा वाडा’ हेही बरोबर. पण माझ्या मनात या दोन्हींपेक्षा अहिराणीतलं साधं बोलणं जास्त आहे. आमच्या भागात म्हाताऱ्या बायका असल्या जागेला कुठलंच विशेषण लावत नाहीत. भूत हा शब्दही दिवेलागणीनंतर तोंडातून काढत नाहीत. ‘तठे काहीतरी शे’, म्हणजे तिथे काहीतरी आहे. त्याहून पुढे जायचं असेल तर ‘तठे कोनतरी ऱ्हास’. तिथे कुणीतरी राहतं. माणसाला धरलं तर वाक्यच वेगळं होतं: ‘त्याले भूत लागनं’. जागेला ते लागत नाही, जागेत ते राहतं. हा फरक अहिराणी बोलणारा माणूस विचार न करता पाळतो.

तुरुंगाच्या चित्रपटाला हे ‘राहणं’ फार चपखल बसतं असं मला मनापासून वाटतं. तिथे जिवंत माणसंही राहतातच, आणि तीही मर्जीनं नाही. एरिक वालेटचा ‘मालेफिक’ (2002) हा फ्रेंच चित्रपट बघा. जवळजवळ सगळा एका कोठडीत घडतो. चौघं कैदी, भिंतीत दडवलेली एक वही, आणि ती वही पूर्वी त्याच कोठडीत राहून गेलेल्या कैद्याची. काळ्या विद्येची. आधीचा राहणारा आणि आताचे राहणारे यांच्यात फक्त काळाचा फरक आहे.

त्या वहीला टिपणात ‘ग्रंथ’ किंवा ‘पोथी’ म्हणू नका, एवढं सुचवतो. पोथी म्हटलं की सोवळं आणि पारायण आठवतं. हातानं लिहिलेल्या, वाट्टेल ते उतरवून ठेवलेल्या जाडजूड वहीला मराठीत ‘बाड’ हा उत्तम शब्द आहे.

लळिंग

मी तुरुंगाच्या नोकरीत होतो, त्यामुळे भुताच्या शब्दांत पडत नाही. तुरुंगाच्या शब्दांबद्दल मात्र सांगतो, कारण मराठी लेखांत त्यांचा फार गोंधळ दिसतो.

अमेरिकी चित्रपटातला वॉर्डन म्हणजे तुरुंगाचा सर्वोच्च अधिकारी. आपल्याकडे तो अधीक्षक. आपल्या कानाला वॉर्डन म्हणजे वसतिगृहाचा, आणि तुरुंगातला वॉर्डर म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई. ‘प्रिझन’मध्ये जो माणूस आधी पहारेकरी आणि नंतर प्रमुख होतो, त्याला दोन्ही वेळा वॉर्डन लिहिलंत तर गोष्टच कळणार नाही. निरपराध माणूस मरताना बघणारा शिपाई आणि तीच जागा पुन्हा उघडणारा अधीक्षक, हे अंतर शब्दांत दिसलं पाहिजे.

कैदी बोलण्यात ठीक आहे. खात्याच्या कागदावर ‘बंदी’ असतं: शिक्षा लागलेला तो शिक्षाबंदी, खटला चालू असलेला न्यायाधीन बंदी. नातेवाईक भेटायला येतात ती ‘मुलाखत’. पॅरोलला अभिवचन रजा आणि फर्लोला संचित रजा म्हणतात.

आता एकट्याची कोठडी. बरेच लोक सरसकट ‘अंधारकोठडी’ लिहितात. अंधार असेलच असं नाही, माणूस नसणं ही ती शिक्षा आहे. म्हणून ‘एकांतवास’. भारतीय दंड संहितेच्या कलम 73 मध्ये ही शिक्षा होती आणि एकूण तीन महिन्यांपलीकडे ती देता येत नव्हती. कलम 74 प्रमाणे एका वेळी 14 दिवसांच्या वर नाही. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की माणूस यापुढे टिकत नाही. तुमचे चित्रपटवाले पहिला बळी त्याच कोठडीत घेतात ते उगाच नाही. तिथे ओरडलं तरी बाजूला कुणी नसतं.

आणि एक. विजेची खुर्ची आपल्याकडे नाही, फाशी आहे, आणि आज महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत आहे. खानदेशातल्या तुरुंगाची भुताची गोष्ट रचायची झाली तर हे ध्यानात असू द्या.

पांझरा, धुळे

लळिंगकर नाना, एवढं नीट कुणी सांगत नाही. वॉर्डनचं तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

खानदेशातल्या तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर मला ‘आत्मा’ या शब्दाबद्दल बोलायचंय. हल्ली हिंदी मालिकांमुळे आणि डबिंगमुळे मराठीतही भुताला सर्रास ‘आत्मा’ म्हणतात. ‘तुरुंगात एका कैद्याची आत्मा भटकते.’ एक तर मराठीत तो आत्मा, ती आत्मा नव्हे. पण लिंगापेक्षा मला अर्थाचं वाईट वाटतं. 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. बोलणारा कैदी, लिहिणारा कैदी, ऐकणारे कैदी. दुसऱ्या अध्यायातला आत्मा शस्त्रांनी तुटत नाही, आगीनं जळत नाही. त्याला कसलीही वासना नाही, कुणाचा सूड उगवायचा नाही.

‘प्रिझन’मधला किंवा ‘शॉकर’ (1989) मधला विजेच्या खुर्चीत मेलेला माणूस याच्या अगदी उलट आहे. तो जळाला म्हणूनच परत आला. त्याला भूत म्हणा, पिशाच्च म्हणा. ज्या गावातल्या तुरुंगात तो शब्द इतक्या उंचीवरून उच्चारला गेला, त्या गावच्या माणसानं तरी भुताला आत्मा म्हणू नये, असं मला वाटतं.

गिरणाकाठ, जळगाव

पटलं. टिपणात जिथे जिथे ‘अतृप्त आत्मा’ होतं तिथे भूत केलं.

एक अडचण आहे. ‘घूल’ (2018) ही राधिका आपटेची तीन भागांची हिंदी मालिका, गुप्त चौकशी केंद्रात घडते. तिथे आणलेला कैदी माणूस नसतो, तो ज्याचं मांस खातो त्याचं रूप घेतो. घूल हा अरबी शब्द. आमच्यातले एक जण म्हणतात ‘खवीस’ लिहा, तोही मूळ अरबीच आहे. दुसरा पर्याय आला तो ‘डाकीण’.

तोरणमाळ, नंदुरबार

डाकीण लिहू नका. हात जोडून सांगतो.

जळगाव-धुळ्याच्या बैठकीत तो भयकथेतला शब्द असेल. सातपुड्यात तो जिवंत बाईवर ठेवलेला आळ आहे. गावात कुणी आजारी पडतं, गुरं मरतात, आणि कुणा एकटीचं नाव घेतलं जातं. मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही गेलेले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असा आळ घेणं गुन्हा ठरवलं ते याच कारणानं. मांस खाणाऱ्या राक्षसाला तो शब्द लावला की वाचणाऱ्याच्या मनात बाई आणि राक्षस पुन्हा एकत्र येतात.

खवीसही नको. खवीस आधी माणूस होता, मेला आणि मग खवीस झाला. आपल्याकडचे मुंजा, समंध, हडळ सगळे असेच, पूर्वी कुणीतरी असलेले. घूल कधी माणूस नव्हताच. त्याला घूलच राहू द्या आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.

एकांतवासावरून आणखी एक. आमच्याकडे धडगाव तालुक्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे, दिवाळीत तिथे यात्रा भरते. तो अश्वत्थाम्याचा डोंगर. कपाळावरच्या जखमेला तेल मागत तो अजून सातपुड्यात फिरतो, रस्ता चुकलेल्याला वाट दाखवतो असं लोक मानतात. महाभारतातला शाप असा की तीन हजार वर्षं निर्जन प्रदेशात भटकशील, सोबत कुणी नसेल, बोलायला कुणी नसेल. म्हणजे भिंती नसलेला एकांतवासच. तो मेलेला नाही, म्हणून त्याला इथे कुणी भूत म्हणत नाही, आणि त्याची भीतीही भुतासारखी नसते. यात्रेकरू त्याचं नाव घेत डोंगर चढतात. शिक्षा संपत नाही म्हणून जिवंत राहिलेला माणूस, याला वेगळा शब्द आपल्याकडे आहे का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा. ‘जन्मठेप’ तर जन्माबरोबर संपते.

बोरीकाठ, अमळनेर

‘चिरंजीव’ आहे की, पण तो आपण लग्नपत्रिकेवर खर्च करून टाकला.

गिरणाकाठ, जळगाव

डाकीण काढला. खवीसही काढला. घूल ठेवतो, अर्थासह. अधीक्षक आणि शिपाई वेगळे केले, वहीला बाड केलं.

शीर्षकाचं काल रात्री पुन्हा बोलणं झालं. ‘बाधिक तुरुंग’ तरुण मंडळींना कळेना. शेवटी ‘तठे कोनतरी ऱ्हास’ असं अहिराणीतच द्यायचं आणि खाली लहान अक्षरांत ‘तुरुंगातल्या भुतांचे चित्रपट’ असं लिहायचं ठरलं. पांझराभाऊ, ‘झपाटलेली’ फक्त ‘गॉथिका’च्या परिच्छेदात आहे. नाना, मजकूर छापायला जाण्याआधी तुरुंगाचे शब्द तुमच्या नजरेखालून घालायचे आहेत, रविवारी पाठवू का?