मदत हवी आहे: ‘कॅरल’ला मराठी शब्द कोणता?

शब्दसूचीसाठी ‘कॅरल’ची नोंद करतोय. ‘नाताळचं गाणं’ एवढं लिहून भागत नाही, कारण तो अर्थ नंतरचा आहे. इंग्रजीत हा शब्द 1300च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधल्या ‘कारोल’वरून आला. कारोल म्हणजे हात धरून, गोल फिरत, गात केलेला नाच. त्यामागे बहुधा ग्रीक ‘खोराउलेस’ असावा, म्हणजे समूहनृत्याला पावा वाजवून साथ करणारा. पण ही व्युत्पत्ती पक्की मानली जात नाही.

गाण्याच्या बांधणीतही तो फेर दिसतो. जुन्या इंग्रजी कॅरलमध्ये धृपद आधी येतं आणि मग प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा. विषयाचं बंधन नव्हतं. नाताळशी गाठ पुढे घट्ट झाली.

‘स्तोत्र’ लिहिलं की नाच हरवतो. ‘धवळे’ लग्नाचे. भोंडल्याची ‘फेराची गाणी’ मला सर्वात जवळची वाटतात, पण ती आश्विनातल्या हस्ताशी बांधलेली.

तर, फिरणं आणि गाणं दोन्ही एकत्र सांगणारा एकच शब्द तुमच्या बोलीत आहे का? वसईकडच्या मंडळींनी नाताळच्या गाण्यांना घरात काय म्हणतात तेही कृपया सांगा. शब्दासोबत गाव आणि वापरातलं एक वाक्य हवं.