बाबांच्या जुन्या टी६० थिंकपॅडमध्ये नवा बोर्ड बसवायचाय, कुणी केलंय का?

साखळीवालो

मंडळी, घरात बाबांचा थिंकपॅड टी६० आहे, २००६ चं मॉडेल, १५ इंची, तो जुना चौकोनी स्क्रीनवाला. बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता लिहितात आणि गेल्या सतराअठरा वर्षांतल्या सगळ्या त्याच्यावरच टाइप झाल्यात. आता वय ७१, डोळे बरे आहेत पण नवीन लॅपटॉपचा कीबोर्ड त्यांना मानवतच नाही, पाटावर बोटं आपटल्यासारखं वाटतं म्हणतात. दोन वर्षांमागे चवथीला मी नवा घेऊन दिला होता, तो आता भाचा गेम खेळायला वापरतो.

टी६० अजून चालू होतो, पण ब्राउजर उघडला की चहा करून यायचा. स्टिकरवर कोअर ड्युओ लिहिलंय, रॅम २ जीबी. माझ्या डोक्यात असं आहे की आतलं सगळं काढून एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) वाल्या मिनी पीसीचा बोर्ड त्यात घालायचा, बाहेरून बाबांना काही बदललंय हे कळतासुद्धा कामा नये. कीबोर्ड तोच, स्क्रीन तोच, कीबोर्डमधलं कर्सर हलवायचं लाल बटण तेच. बजेट १५ हजारच्या आसपास. सोल्डरिंग येतं म्हणजे मिक्सरची वायर जोडण्याइतकं. हे जमण्यातलं आहे का, की मी उगाच पावसात पतंग उडवतोय?

फोंड्याचा सोल्डर

जमण्यातलं आहे, पण तू ज्याला मुख्य काम समजतोयस ते सगळ्यात सोपं आहे. बोर्ड आत ठेवणं एका रविवारचं काम. बाबांना जे हवंय ते म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन, आणि नेमकं तेच दोन नव्या बोर्डाला ओळखत नाहीत.

आधी स्क्रीन. त्या काळचे पॅनल एलव्हीडीएस नावाच्या जुन्या जोडणीवर चालतात, तुझ्या मिनी पीसीला एचडीएमआय. मध्ये एक कंट्रोलर बोर्ड लागतो, हिरवा, तळहाताएवढा. तो कुठलाही घेऊन चालत नाही, पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर विक्रेत्याला द्यायचा, तो त्याप्रमाणे प्रोग्राम करून देतो. पॅनल १०२४ बाय ७६८ असेल तर सिंगल चॅनल, १४०० बाय १०५० असेल तर ड्युअल चॅनल, केबल वेगवेगळी. आणि हे पॅनल एलईडी नाहीत हं, आत बारीक ट्यूबलाइट असते सीसीएफएलची, तिला इन्व्हर्टर लागतो आणि त्या इन्व्हर्टरच्या तोंडाशी चालू असताना काही शे व्होल्ट असतात. बोट लावून बघू नकोस, मी बघितलंय. ट्यूब पिवळी पडली असेल तर एलईडी पट्टीचा किट मिळतो पण पॅनल सोलून ट्यूब बाहेर काढायला हात स्थिर पाहिजे, पहिलं पॅनल बहुतेक मरतंच.

आता कीबोर्ड. लॅपटॉपचा कीबोर्ड यूएसबी नसतो, ती नुसती रांगा आणि स्तंभांची जाळी असते, कुठली कळ दाबली ते मूळ मदरबोर्डवरची चिप ओळखते. मदरबोर्ड काढलास की कीबोर्ड मुका. त्यासाठी टीन्सी नावाचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतात, रिबनचं कनेक्टर त्याला जोडायचं, मग एकेक कळ दाबून कुठली रांग कुठला स्तंभ ते शोधायचं आणि फर्मवेअरमध्ये लिहायचं. लाल बटण वेगळं, ते पीएस/२ (जुन्या माउसच्या) भाषेत बोलतं, त्याला स्वतःच्या क्लॉक, डेटा आणि रिसेटच्या वायरी. लोकांनी टी६० च्या आसपासच्या कीबोर्डांसाठी हे काम करून ठेवलंय, शोधलंस तर तयार फर्मवेअर मिळेल. पण कनेक्टरच्या पिना इतक्या जवळजवळ की मिक्सरच्या वायरीचा अनुभव तिथे कामाचा नाही. फर्मागुडीला शिकत असताना मी पहिल्यांदा असलं रिबन जोडलं तेव्हा तीन शेजारच्या पिना एकत्र झाल्या आणि एम दाबला की कॅप्स लॉक लागायचा.

उंची पण मोज. मिनी पीसीचा बोर्ड लांबीरुंदीला आरामात बसतो, अडतं ते इथरनेटच्या सॉकेटला, ते साधारण १३-१४ मिमी उंच असतं आणि एकावर एक दोन यूएसबीचा ठोकळा त्याहून उंच. मी हे सॉकेट उपटून टाकतो. व्हर्नियर कॅलिपर घे, पट्टीने नको.

कोकणकन्या_स्लीपर

थांब रे थांब, कुणी आधी डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, काढ म्हणून का सांगत नाहीये. सतराअठरा वर्षांच्या संहिता आहेत त्यात आणि तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलायस.

टी६० ला सॅटा डिस्क आहे, अडीच इंची, साध्या यूएसबी अडॅप्टरला लागते. पूर्ण डिस्कची इमेज काढ, दोन ठिकाणी ठेव, मग पुढचं. आणि एक विचारतो, बाबा टाइप कशात करतात? श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्या फाइल युनिकोड नसणार, फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवा बोर्ड, नवं विंडोज, आणि सगळ्या नाटकांची पानं अशी निघाली तर बाबा तुला घरात घेतील का? तीच इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर, चालवून बघ आधी.

माझं मत विचारशील तर पोट फाडूच नकोस. त्यातला कोअर ड्युओ हा ३२ बिटी आहे, आता बरीचशी मोठी लिनक्स त्याला उभं करत नाहीत, उबुंटूने २०१७ पासूनच डेस्कटॉपची ३२ बिटी इमेज बंद केली आणि डेबियन १३ मध्ये पण त्याचा इन्स्टॉलर गेला. पण प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे, सोल्डर नाहीये! कोअर २ ड्युओ टी७२०० घाल, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) आधी अपडेट कर, झालं ६४ बिटी. रॅम ४ जीबी घातलीस तरी ३ च दिसेल, तो चिपसेटचा दोष. वर एक सॅटा एसएसडी. लिहायला आणि मेल बघायला पुरे. वायफाय कार्ड मात्र बदलू नको, त्या बायोसला ठरावीक कार्डंच चालतात, दुसरं घातलंस की १८०२ एरर देऊन सुरूच होत नाही.

फोंड्याचा सोल्डर

इमेजचं बरोबर, कान पकडतो. पण कोअर २ ड्युओवर आजचा ब्राउजर म्हणजे कदंबाच्या जुन्या बसने अनमोड घाट. चढेल, पण.

कोकणकन्या_स्लीपर

नाटक लिहायला ब्राउजर कशाला लागतो ते सांग.

साखळीवालो

श्रीलिपीच आहे 🙂 आणि त्याचा डोंगल पण (परवान्याची यूएसबी किल्ली), कायमचा लावलेला. ब्राउजर लागतो कारण बाबा यूट्यूबवर जुनी नाट्यपदं ऐकतात लिहिता लिहिता. डिस्कची इमेज आजच काढतो, खरंच डोक्यात नव्हतं.

खारा वारा

मी मिरामारला राहतो, तेव्हा माझा मुद्दा वेगळा. गोव्यात जुनी मशीन उघडायच्या आधी सगळ्यांनी एक करा, बिजागरीचे स्क्रू बघा. इथे समुद्राकाठच्या घरात ते आतून गंजून जागीच अडकलेले असतात, जोर लावला की डोकं तुटतं, मग ड्रिल. आदल्या रात्री गंज सोडवायच्या तेलाचा एक थेंब टाकून ठेवा. कनेक्टरांवर हिरवट बुरशीसारखं दिसेल, ती बुरशी नाही, तांबं खाल्लंय खाऱ्या हवेने. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश. झाकणाचा तो रबरी रंग चिकट झाला असेल तर तोही त्यानेच निघतो, सगळे विचारतात म्हणून सांगितलं.

आता वीज, कारण त्यावर कुणी बोललं नाही. सगळे म्हणतात टाइप सी लावा, पण मिनी पीसीच्या बोर्डाला बहुतेक वेळा १२ व्होल्ट लागतात आणि टाइप सी चार्जरमध्ये १२ चा टप्पा असेलच असं नाही, ५, ९, १५, २० हे नेहमीचे. कुणी १२ व्होल्टचा ट्रिगर (चार्जरकडून ठरावीक व्होल्ट मागणारा छोटा बोर्ड) घेतो, घरच्या चार्जरवर चालतो, ऑफिसच्या चार्जरवर बंद, मग बोर्ड खराब आहे म्हणून परत करतो. माझा भाऊ अगदी हेच करून बसला होता. टी६० चा मूळ अडॅप्टर २० व्होल्टचा असतो ना, मग ते जुनं गोल सॉकेट तसंच ठेव आणि आत २० चं १२ करणारा बक कन्व्हर्टर घाल, ५ अँपिअरचा. बाबांच्या हाताला तीच पिन तीच जागा. बक बोर्डवरचा स्क्रू फिरवून आधी मल्टिमीटरवर १२ आणायचे, मगच बोर्डाला जोडायचं, उलटं केलंस तर एन१०० चा धूर.

बॅटरी सध्या विसर. मूळ पॅकमधली चिप मूळ मदरबोर्डशीच बोलते आणि सुटे १८६५० लिथियम सेल बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) लावून प्लास्टिकच्या डब्यात बंद करणं, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर, मी तरी करणार नाही. पावसाळ्यात वीज जाते म्हणून हवीच असेल तर २० व्होल्ट देणारी पॉवर बँक बाहेर टेबलावर.

उष्णता: एन१०० वर ६ वॉट लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नको, जोर आला की अख्खा बोर्ड त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि बंद पेटीत आपल्याकडच्या मे महिन्यात तापायला तेवढं पुरतं. मूळ पंख्याच्या खिडकीसमोरच नवा ब्लोअर ठेव. बोर्ड धरायला थ्रीडी प्रिंट करणार असशील तर पीएलए प्लास्टिक नको, ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी घे.

डोंगरीची चिमणी

एक राहिलं, वायफायची अँटेना झाकणात असते, तीच वापरा कारण टी६० च्या आत मॅग्नेशियमचा सांगाडा आहे, कार्ड आत ठेवून छोटी अँटेना लावलीत तर रेंज मिळणार नाही. फक्त जुन्या वायरीचं टोक मोठं आणि नव्या एम.२ कार्डचं बारीक, मध्ये जोड लागतो. मी ते जबरदस्तीने दाबून एक कार्ड घालवलंय.

बाकी चीनमधल्या ५१एनबी या थिंकपॅडप्रेमी मंडळींनी हेच जास्त नीट केलंय, एक्स६० आणि एक्स६१ या छोट्या थिंकपॅडांच्या केससाठी एक्स६२ म्हणून पूर्ण नवा मदरबोर्डच काढला, एक्स२०१ साठी एक्स२१०. मूळ भोकांवर बसतो, कीबोर्ड स्क्रीन सगळं थेट लागतं. किंमत मात्र साखळीवालोंच्या बजेटात येणार नाही. फ्रेमवर्क या लॅपटॉप कंपनीचा मदरबोर्ड पण लोक घालतात, तो बॅटरीशिवाय नुसत्या टाइप सीवर चालतो आणि त्याची मापं कंपनीनेच खुली केलीत, पण तोही आयात करावा लागेल.

सुटे भाग कुठून आणणार? अलीएक्सप्रेस २०२० च्या नोव्हेंबरात बंद झाल्यापासून माझा तरी सगळा जीव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (ग्रँट रोडजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार).

साखळीवालो

सगळ्यांचे आभार, खरंच. इमेज काढली, दोन कॉपी, एक बहिणीकडे मडगावला ठेवली. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी उठलं, श्रीलिपी पण उघडलं, डोंगल दिसायला थोडा त्रास देतोय पण तिसऱ्यांदा दिसला. काल खालचं झाकण उघडलं, आत मुंग्यांनी घर केलं होतं, पंख्यात एक सुकलेली पाल. बिजागरीचा डावीकडचा स्क्रू खारा वारा म्हणाले तसाच अडकलेला, तेल टाकलंय. पॅनल १०२४ वालंच निघालं, म्हणजे सिंगल चॅनल.

आणि इथेच गाडी अडली. बाबांनी बघितलं मी मशीन उलटं करून बसलोय ते. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की तिसरा अंक अर्धा आहे, मंडळी तालमीला थांबलीत, तो होईपर्यंत हात लावायचा नाही. मी गुपचूप स्क्रू परत लावले. एक उरला, कुठला ते कळत नाहीये.

फोंड्याचा सोल्डर

एक नेहमीच उरतो. बाबांचं मशीन सोड, एखादा मेलेला टी६० घे, सगळे प्रयोग त्याच्यावर कर, टीन्सीचं फर्मवेअर त्याच्या कीबोर्डवर बसव. सगळं चालायला लागलं की बाबांचा कीबोर्ड आणि झाकण फक्त त्यावर चढवायचं, अर्ध्या तासाचं काम.

कोकणकन्या_स्लीपर

मी पुढच्या शुक्रवारी मुंबईला चाललोय, सकाळी उतरलो की ग्रँट रोडला फेरी आहेच. मेलेला टी६० दिसला तर उचलू का? १५ इंचीच पाहिजे ना, १४ वालं झाकण लागणार नाही.

साखळीवालो

उचला उचला, १५ च. आणि कीबोर्डची न ळ तपासून घ्या, आमच्याकडे नाटकात त्या दोनच जास्त लागतात 😄