अख्खा पॅक नको, मॉड्यूल घ्या

घरच्या सोलरची वीज साठवायला जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा अख्खा बॅटरी पॅक आणून तसाच इन्व्हर्टरला जोडायचा, असा सल्ला कोणी दिला तर कृपया तो अमलात आणू नका. पहिल्या पिढीच्या निसान लीफचा २४ किलोवॅट-तासांचा पॅक पूर्ण चार्ज असताना ४०० व्होल्टच्या आसपास डीसी देतो. तो झटका जीव घेऊ शकतो, आणि डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहज विझत नाही. पॅक उघडायचं काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

आत ४८ मॉड्यूल, म्हणजे सुटे करता येणारे बॅटरीचे छोटे डबे असतात, प्रत्येकी साधारण साडेसात व्होल्टचे. सात सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला चालणारी माळ होते. अशा दोन माळा समांतर घेतल्या तर नव्या असताना त्या सात युनिट (किलोवॅट-तास) साठवतात. क्षमता ७० टक्के उरली असेल तर पाचाच्या आत. छोट्या घरात फ्रिज, दिवे, पंखा, लॅपटॉप मिळून रोजचे दोन युनिट धरले, तर ढगाळ दोन दिवस निघतात. गाडीला हीच क्षमता अपुरी पडते, घराला पुरते, म्हणून मला हा मार्ग मनापासून पटतो.

लीफच्या मॉड्यूलला मधलं तिसरं टर्मिनल असतं, त्यामुळे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) माळेतल्या चौदाही टप्प्यांचं, म्हणजे प्रत्येक मॉड्यूलच्या दोन्ही अर्ध्या भागांचं व्होल्टेज वाचता येतं. प्रत्येक माळेला स्वतंत्र बीएमएस आणि फ्यूज हवाच. आतले सेल पाऊचचे, म्हणजे मऊ पाकिटासारखे आहेत, म्हणून मॉड्यूल जाड पट्ट्यांमध्ये आवळून ठेवा. सोलर चार्ज कंट्रोलरवर लेड-ॲसिडचं सेटिंग राहू देऊ नका, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठी मुद्दाम दिलं जाणारं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) तर आधी बंद करा. थंड प्रदेशात राहत असाल तर शून्याखाली चार्जिंग थांबलं पाहिजे. आणि एवढ्याशा घरात बॅटरी पलंगाखाली नको. बाहेर, सावलीत, पत्र्याच्या कपाटात.